म्हातारबा हयात आहे

ही गोष्ट फसली तेराशे अठ्ठेचाळीस सालातली. इंग्रजी मोजणाऱ्यांनी एकोणीसशे एकोणचाळीस म्हणावं, शकवाल्यांनी अठराशे एकसष्ट. निजामाच्या राज्यात एकेका माणसाला तीन-तीन सालं सांभाळावी लागत. चिंचगव्हाणच्या बायकांनी मात्र ते साल चौथ्याच नावाने लक्षात ठेवलं : दोन श्रावणांचं साल. त्या वर्षी अधिक श्रावण आला, चार महिन्यांचा चातुर्मास पाच महिन्यांचा झाला, आणि पुढचा सगळा घोटाळा त्या एका जादा महिन्याने केला. पण महिन्याला कोण पकडणार? पकडले गेले व्यंकटराव मास्तर. आणि त्यांच्याही आधी, मनातल्या मनात का होईना, त्यांच्या पत्नी नर्मदाबाई.

नर्मदाबाई दर चातुर्मासात आपल्या ओसरीवर गल्लीतल्या बायांना पोथी वाचून दाखवत. दुपार कलली की बाया यायच्या, कापसाच्या वाती वळत बसायच्या आणि ऐकायच्या. गावात वाचता येणारी बाई ही एकच. पण वाचनाची मुखत्यारी तिच्याकडे नव्हती. ती चतुराबाईंकडे. चतुराबाई साठीच्या, विधवा, आवाज देवळातल्या घंटेसारखा. रोज किती ओव्या वाचायच्या हे त्या बोटांवर मोजून ठरवत. त्या वर्षीही त्यांनी ठरवलं, आणि अधिकाचा महिना मोजायचा राहून गेला. दसऱ्याच्याच दिवशी पोथी संपली. आरती झाली, बत्तासे वाटले. पोथी नर्मदाबाईंच्या माहेरची, पाथरीची. वाचून संपली की लगेच परत करायचा वायदा होता, म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच ती पाथरीच्या गाडीने गेलीसुद्धा.

आणि दुपारी बाया वातींच्या टोपल्या घेऊन हजर.

“अगं, पोथी तर संपली की!” नर्मदाबाई म्हणाल्या.

“पोथी संपली, पर देव कुठं उठलाय?” कडूबाई म्हणाली. कडूबाईचं घर गावाच्या पार शेवटाला. ती कापूस वेचून थेट यायची, लुगड्याला जागोजागी कापूस चिकटलेला. “देव उठायला अजून महिना हाय. त्येला काय सांगायचं, तू झोप, आमी निघालो म्हून?”

चतुराबाईंनी बोटं मोजली. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजताना त्यांचा चेहरा जरासा उतरला, पण जरासाच. आपली मोजणी चुकली असं म्हणण्यापेक्षा पंचांग चुकलं म्हणणं त्यांना सोपं होतं.

“अधिकाच्या महिन्याची पोथी येगळी असती,” त्या ठासून म्हणाल्या. “काढ गं नर्मदे. खाडा पडला तर पाच महिन्यांचं पुण्य ओढ्यात जाईल.”

नर्मदाबाई माजघरात गेल्या. वेगळी पोथी कुठून काढणार? फडताळात लोणच्याची बरणी होती, नवऱ्याचा मफलर होता, आणि लाल खणात नीट गुंडाळलेली एक वही होती. एकच दिवस, असं म्हणून त्यांनी ती वही उचलली. जगातली बरीच मोठी कामं याच दोन शब्दांनी सुरू होतात.

त्या वहीत कादंबरी होती. व्यंकटराव सरकारी शाळेत दुसरे मास्तर. दिवसभर उर्दूतून पाढे शिकवायचे आणि पहाटे उठून मराठीतून कादंबरी लिहायची असा त्यांचा उन्हाळ्यापासूनचा बेत होता. आधी त्यांनी रीतसर नायिका घेतली होती. पण चिंचगव्हाणसारख्या गावात नायिकेचे डोळे टपोरे आहेत एवढं लिहिलं तरी हे कुणाचे डोळे म्हणून चौकशी होणार, आणि टपोऱ्या डोळ्यांच्या तीन बायकांचे नवरे काठ्या घेऊन येणार. तेवढ्यात कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं की थोर कादंबरीत जागाच माणसासारखी जिवंत असते. तिला राग येतो, लोभ असतो, तिला वेगळा नायक लागत नाही. मास्तरांना एकदम मोकळं वाटलं. गावाला नवरा नसतो! त्यांनी नायिकेची पानं फाडून बंबात घातली आणि चिंचगव्हाणलाच नायक केलं.

नर्मदाबाईंनी वही पाटावर ठेवली. हळद-कुंकू वाहिलं, उदबत्ती लावली, आणि पोथीच्याच चालीवर वाचायला सुरुवात केली :

“चिंचगव्हाण नावाचा एक म्हातारा ओढ्याच्या काठी उताणा पडला आहे. तीनशे वर्षं झाली, त्याने कूस बदललेली नाही.”

बायांचे हात थांबले. चतुराबाईंनी नमस्कार केला. “कोन देव गं ह्यो?”

“देव नाही, आपलं गावच आहे.”

“मग देवच की. नाव काय त्याचं?”

“म्हातारबा,” नर्मदाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

“वाच.”

पुढे म्हाताऱ्याच्या देहाचं वर्णन होतं. वेस हे त्याचं तोंड. दोन बुरूज खांदे. गावाच्या मधली बारव हा त्याचा एकुलता एक डोळा, शेवाळाने मोतीबिंदू झालेला. चावडी म्हणजे कान. सगळं ऐकतो, पोटात काही ठेवत नाही. मंगळवारचा बाजार हे पोट, आठवड्यातून एकदा गुरगुरणारं. आणि ओढ्याकडची शेवटची घरं म्हणजे टाच, भेगाळलेली.

इथे पहिला तंटा झाला. कोण कुठल्या अवयवावर राहतं हे ठरवायला बायांना पळभरही वेळ लागला नाही. चतुराबाईंचं घर खांद्यावर आलं. त्यांनी पदर सावरला. पाटील माणिकरावांच्या धुरपताबाई चावडीला लागून राहत.

“म्हंजे आमी कानामागं?” धुरपताबाई म्हणाल्या. “पाटलाचा वाडा कानामागं?”

“कानामागून येऊन तिखट झालात, ते काय उगीच?” चतुराबाई म्हणाल्या.

“आन् मी टाचंवर व्हय?” कडूबाई उठून उभी राहिली. कडूबाई विचार करत होती. मग ती सावकाश खाली बसली. “बरुबर हाय. सगळं गाव आमच्यावरच तर उभं हाय.”

“उभं कुठं? उताणं पडलंय,” धुरपताबाई म्हणाल्या.

“उठंल तवा आमच्यावरच उठंल,” कडूबाई म्हणाली, आणि तिने दिवसभरात वळली नव्हती इतकी लांब वात वळली.

दोन दिवसांत लिहिलेलं सगळं वाचून संपलं. तिसऱ्या दिवशी पहाटे व्यंकटराव डोळे चोळत उठले तर पुढ्यात चहा, बैठकीवर धुतलेली चादर आणि टाकाला नवं निब. याच बाईने उन्हाळ्यात त्यांच्या वहीकडे बघून विचारलं होतं की कोरी पानं शिल्लक असतील तर पापड वाळवताना झाकायला देता का.

“अहो, आज एक अध्याय लिहिणार ना?”

“एक अख्खा?” मास्तर चपापले.

“म्हातारबाचं पुढे काय झालं, मला झोप नाही लागत.”

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. अठरा वर्षांत आपल्यामुळे बायकोची झोप उडाल्याचं मास्तर पहिल्यांदाच ऐकत होते. (घोरण्याचा विषय वेगळा.) त्यांनी टाक उचलला आणि त्या दिवसापासून रोज पहाटे एक अध्याय पडू लागला. शाळेत जाताना ते वही फडताळात ठेवत, दुपार कलली की ती पाटावर यायची, आणि संध्याकाळी ते घरी येईपर्यंत परत फडताळात. फक्त तिचा वास बदलत चालला होता. “या वहीला उदबत्तीचा वास कसा काय?” त्यांनी एकदा विचारलं. नर्मदाबाई म्हणाल्या, “सरस्वती हो!” मास्तरांना ते पटलं. स्वतःच्या बाबतीत माणसाला असल्या गोष्टी लवकर पटतात.

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. पण पोथी ऐकायची आणि त्याप्रमाणे वागायचं नाही, हे चिंचगव्हाणच्या बायांना माहीत नव्हतं. पोथीत उपास सांगितला की त्या उपास धरत. दान सांगितलं की सूपभर ज्वारी देत. आता पोथीत म्हाताऱ्याचा डोळा शेवाळला आहे असं आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर शाळेत निघाले, तर बारवेच्या पायऱ्यांवर वीस बाया पदर खोचून शेवाळ काढत होत्या.

मास्तर थबकले. आपणच तर लिहिलं होतं! त्यांनी अंगावरचा काटा मफलरने झाकला.

पुढच्या अध्यायात म्हाताऱ्याचं तोंड अंधारात आहे असं आलं. दिवाळीला अजून पंधरा दिवस असताना वेशीतल्या कोनाड्यात दिवा लागला. वाती तर बायांकडे टोपलीभर होत्याच. त्याच्या पुढच्या अध्यायात टाचेच्या भेगांचं वर्णन आलं, आणि कडूबाईने अख्खा ओढ्याकडचा रस्ता शेणामातीने लिंपून काढला. एक बैल त्यावरून घसरला, आणि बैलवाल्याने विचारलं, “रस्ता कुणी सारवतं व्हय?” कडूबाई म्हणाली, “रस्ता न्हाई त्यो. मलम लावलंय. बाजूनं जा.”

मास्तरांनी आता परीक्षा घ्यायची ठरवली. त्यांनी लिहिलं : म्हाताऱ्याला पुरणपोळी खावीशी वाटली. दुसऱ्या दिवशी वेशीपुढे केळीच्या पानावर पाच पुरणपोळ्या, वर तुपाची धार. म्हाताऱ्याच्या वतीने त्या एका कुत्र्याने खाल्ल्या, पण मास्तर तसेच माघारी फिरले. त्यांनी घरी येऊन दार लोटलं आणि हळूच म्हणाले, “अगं, माझ्या लेखणीत काहीतरी आहे.”

नर्मदाबाईंनी पोळी उलथली. “काय आहे?”

“मी लिहितो ते होतं.”

खरं सांगायची ती वेळ होती. नर्मदाबाईंनी तोंड उघडलंही. पण नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी ते परत मिटलं. चिंचगव्हाणला आल्यापासून तो माणूस वाकूनच चालायचा. हेडमास्तरांपुढे वाकायचा, शाळा तपासायला येणाऱ्या नाजिरापुढे वाकायचा, दार ठेंगणं म्हणून घरातही वाकायचा. आज तो ताठ उभा होता आणि दाराची चौकट टाळूला लागली तरी त्याला कळलं नव्हतं.

“मग जपून लिहा,” एवढंच त्या म्हणाल्या.

मास्तरांनी जपून लिहिलं. मोहाची गोष्ट ही की त्यांचं धाब्याचं घर दोन पावसाळे गळत होतं. त्यांनी वाहत्या ओघात एक वाक्य घातलं : म्हाताऱ्याच्या छातीवर एका मास्तराचं घर होतं, ते गळे, तेव्हा म्हाताऱ्याला लाजेने मान वर करता येत नसे. दोन दिवसांनी शुक्रवार, शाळेला सुट्टी. सकाळीच आठ माणसं पांढऱ्या मातीच्या पाट्या घेऊन माळवदावर चढली. बायकांनीच पाठवली होती. पण कुणाला बोलायचं नाही अशी शपथही घातली होती. वर पाटील माणिकराव जातीने उभे. जाताना ते मास्तरांच्या कानाशी लागले.

“मास्तर, एक बोलायचं होतं. कानामागं राहणाऱ्याला बी थोडा मान असावा. न्हाई म्हंजे, सहज बोलायलोय.”

मास्तर थक्क झाले. पाटलाच्या तोंडून गाव बोलतंय! पुढच्या पहाटे लिहिलेल्या अध्यायात म्हाताऱ्याने कानामागे अत्तराचा फाया ठेवला. दुसऱ्या दिवशी धुरपताबाई पोथीला नवी पैठणी नेसून आल्या.

आता अडचण अशी झाली की कादंबरीला शेवट हवा होता. थोर कादंबरीचा शेवट करुण असतो, हे मास्तरांच्या मनात पक्कं होतं. सुरुवातीपासून ठरलेलं होतं की शेवटी म्हातारा मरणार. पण लिहिलेलं खरं होतं म्हटल्यावर लिहायचं कसं? अख्ख्या गावाचा जीव टाकाच्या टोकाला लोंबकळत होता. मास्तरांनी लिहिणंच थांबवलं. आणि इकडे समाप्तीची एकादशी आठ दिवसांवर! नर्मदाबाई दोनदा चहा ठेवू लागल्या. मास्तर चहा पीत, टाक दौतीत बुडवत आणि तसाच पुसून ठेवत. ओसरीवर त्या जुनेच अध्याय पुन्हा फिरवून वाचू लागल्या.

“हे झालं की वाचून,” चतुराबाई म्हणाल्या.

“समाप्तीच्या आधी उजळणी करतात,” नर्मदाबाई म्हणाल्या. खोटं बोलायचा सराव आता बऱ्यापैकी झाला होता.

एकादशीला चार दिवस राहिले आणि पाथरीहून अमीनसाहेब आले.

अमीन म्हणजे ठाण्याचे पोलीस अधिकारी. मिशा पांढऱ्या, स्वभाव सभ्य, आणि निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. ती त्यांना शांततेत काढायची होती. पण कुणीतरी वर्दी दिली होती की चिंचगव्हाणात म्हातारबा नावाचा इसम लपून बसला आहे, तो हुकूम सोडतो, आणि अख्खं गाव इजाजत न घेता जमाव करून ते पाळतं. आदल्याच वर्षी संस्थानात सत्याग्रह झाला होता. इजाजतीशिवाय चार माणसं एकत्र शिंकली तरी ठाण्यात कागद होत असे. अमीनसाहेब चावडीवर बसले, मराठी लिहिणारा जवान आश्रुबा याला जवळ घेतला, आणि एकेका बाईला बोलावून जबानी घेतली.

“ये म्हातारबा कौन है?”

“आमचाच हाय की,” कडूबाई म्हणाली.

“रहता कहाँ है?”

“हितंच. तुमी बसलात त्यो त्येचा कान हाय.”

अमीनसाहेब खुर्चीवरून अर्धे उठले आणि परत बसले. “उमर?”

“तीनशे असंल. दातं न्हाईत आता. दिवा लावला तवा तोंड दिसाया लागलं.”

“बाप का नाम?”

“आता त्ये कुणाला ठावं? लय जुनी गोष्ट.”

संध्याकाळपर्यंत कागद तयार झाला. इसमाचं नाव : म्हातारबा. बापाचं नाव : नामालूम. धंदा : पडून राहणे. एक डोळा, नुकताच धुतलेला. पुरणपोळीची आवड. हा कागद सरकारी उर्दूत करायचा, तर गावात लायक माणूस एकच. व्यंकटराव मास्तरांना बोलावणं गेलं.

मास्तरांनी कागद हातात घेतला. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, आणि त्यांना ओळखू आलं. हे तर आपलंच! प्रत्येक बाईच्या तोंडी आपलं वाक्य! त्यांची छाती भरून आली. मग शेवटची ओळ आली : सदर पोथी मास्तरांच्या ओसरीवर रोज दुपारी वाचली जाते, वाचणार नर्मदाबाई.

छाती भरली होती ती तशीच उतरली.

“मास्तर,” अमीनसाहेब समजुतीने म्हणाले, “तीन बातें हैं. आदमी है तो हाजिर करो. किताब है तो पढने की इजाजत दिखाओ. नहीं है तो आप ठहरे सरकारी मुलाजिम, नौकरी जाएगी. और भगवान है, तो माफ है. एकादशी को मैं खुद आके देखूँगा.”

मास्तर घरी आले. दाराशी वाकले. नर्मदाबाईंना पाहूनच कळलं.

“बारव?” मास्तरांनी विचारलं.

“बायांनी धुतली.”

“आणि माळवद?”

“बायांनी नवऱ्यांना पाठवलं.”

“म्हणजे लेखणीत काहीच नव्हतं.”

नर्मदाबाईंना म्हणायचं होतं की अहो, सगळं लेखणीतच होतं, वीस बाया काय उगाच चिखलात उतरतात? पण मास्तर कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले होते, आणि भिंतीकडे तोंड केलेल्या नवऱ्याला काही सांगता येत नाही. तीन दिवस ते जेवले, पण आमटीला नाव न ठेवता. यावरून राग किती खोल होता ते समजावं. एकादशीच्या पहाटे चहा न घेता त्यांनी टाक उचलला आणि एका बैठकीत शेवटचा अध्याय लिहिला. वही पाटावर आपटली. “घ्या. वाचा तुमची पोथी.”

दुपारी ओसरीवर मुंगीला जागा नव्हती. बाया आत, माणसं अंगणात, पायरीवर खुर्ची टाकून अमीनसाहेब आणि त्यांच्या कानाशी उर्दू करून सांगायला आश्रुबा. मास्तर माजघरात, दाराआड. त्यांना ऐकायचं नव्हतं. पण जागा अशी निवडली होती की प्रत्येक शब्द ऐकू यावा.

नर्मदाबाईंनी वही उघडली. चार ओळींतच त्यांना कळलं की काय वाढून ठेवलंय. पान उलटून टाकावं? शेवट आपल्या मनाने करावा? एक महिना त्या या वहीच्या जिवावर खोटं बोलत होत्या. पण वहीतलं एक अक्षर त्यांनी आजवर बदललं नव्हतं. दाराआड त्यांना मफलरचं टोक दिसलं. लिहिणाऱ्याचं लिहिलेलं वाचायचं, एवढं तरी त्या माणसाला देणं होतं. त्या वाचत गेल्या.

“लोकांनी त्याचा डोळा धुतला, तोंडात दिवा लावला, पण त्याला कुणी काही विचारलं नाही. म्हाताऱ्याला वाटलं, आपण बोलतो म्हणून हे घडतं. एके दिवशी त्याला कळलं की त्याचं बोलणं कुणीतरी परस्पर वाटून टाकलं होतं. तो काही बोलला नाही. त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि श्वास सोडला.”

नर्मदाबाईंचा आवाज शेवटी चिरकला. गाव अपमानाने मेल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पण कुणाचा अपमान ते त्यांना पुरतं कळलं.

मग एकदम कल्लोळ. कुणी रडायला लागली, कुणी कानावर हात ठेवले. समाप्तीच्या दिवशी पोथीत गाव मेलं! अशी पोथी संपवली तर अभद्र, आणि अर्धवट सोडली तर त्याहून अभद्र.

सगळ्यात मोठा आवाज मात्र पायरीवरून आला. “मर गया?” अमीनसाहेब उभे राहिले होते. “ऐसे कैसे मर गया? तफ्तीश चालू है!”

आश्रुबाने दबकत विचारलं, “हुजूर, मेला तर कागद संपला न्हाई का?”

“संपला? अरे, शुरू हुआ! मौत का पंचनामा, वारिस कौन, मौत की वजह, डॉक्टर कहाँ से लाऊँ? तीन सौ बरस का आदमी ठीक मेरे दौरे के दिन मरता है? मेरे दो बरस बाकी हैं, मास्तर!”

तेवढ्यात कडूबाई उठली. बायांमधून वाट काढत ती माजघराच्या दाराशी आली.

“मास्तर, बाहेर या. म्हातारबा मेला म्हंता, मग मी राहायलेय कुठं?”

मास्तर दारात आले. “कडूबाई, ती गोष्ट आहे.”

“गोष्ट तर गोष्ट. पर मी सकाळी टाचंवर चूल पेटवली. भाकरी थापल्या. टाच ऊन हाय, चला, हात लावून बघा. मेलेल्याची टाच ऊन असती व्हय?”

मास्तरांनी आपल्या पायाखालच्या जमिनीकडे पाहिलं.

“आन् कान बी चालू हाय,” धुरपताबाई म्हणाल्या. “परवाचं तुमचं घरातलं बोलणं सगळं आलंय ऐकू.”

“खांदे उभे हायत,” चतुराबाईंनी घंटा वाजवली. “मीच हाय त्याच्यावर.”

मास्तरांच्याच घरामागच्या पिंजाऱ्याच्या गल्लीतून कुणीतरी खोकलं, आणि अंगणातली माणसं ओरडली, “छाती बी हाय! छाती बी हाय!”

अमीनसाहेबांचा चेहरा उजळला. कागदाला वाट सापडली होती. त्यांनी तिथेच पायरीवर आश्रुबाला लिहायला बसवलं : म्हातारबा, बापाचं नाव नामालूम, मौजे चिंचगव्हाण, हा इसम आज रोजी हयात आहे, जमावाला निरुपद्रवी, जागचा हलत नसल्याने हाजिर करता येत नाही. टाच, कान आणि खांदे यांनी समक्ष साक्ष दिली. खाली तीन अंगठे उठले. त्यावर ठाण्याचा शिक्का बसला.

“अब मास्तर,” अमीनसाहेब म्हणाले, “सरकार के कागज में जिंदा है. किताब में मरा हुआ कैसे चलेगा?”

मास्तरांनी ओसरीकडे पाहिलं. चाळीस बाया पदराने डोळे पुसत त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांच्या वाक्याने त्या रडल्या होत्या, आणि आता त्यांच्याच वाक्याची वाट बघत होत्या. नर्मदाबाईंनी टाक पुढे केला. मास्तर पाटाशी बसले. भिंतीकडे तोंड केल्याच्या ओळीखाली त्यांनी एकच ओळ लिहिली आणि वही बायकोपुढे सरकवली.

नर्मदाबाईंनी वाचलं : “आणि मग तीनशे वर्षांनी म्हाताऱ्याने कूस बदलली.”

“हळू!” कडूबाई ओरडली. “चुलीवर दूध ठेवून आलेय!”

आरती त्या हसण्यातच झाली.

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात. अमीनसाहेब दोन वर्षांनी ठरल्याप्रमाणे शांतपणे निवृत्त झाले. जाताना त्या दाखल्याची नक्कल घरी घेऊन गेले म्हणतात. आश्रुबाला गोष्टी सांगायची चटक लागली, तो पंचनाम्यातही गोष्टी लिहू लागला आणि त्यापायी त्याच्या बदल्या होऊ लागल्या. धुरपताबाईंनी कानामागे अत्तर लावायची सवय शेवटपर्यंत सोडली नाही.

कादंबरी छापली गेली नाही. हैदराबादच्या एका छापखान्याने मास्तरांनी नकलून पाठवलेलं पहिलं प्रकरण वाचून कळवलं की नायकाचा पत्ता लागत नाही, लागल्यास पाठवावे. पण पाठवायला वहीच कुठे होती? समाप्तीनंतर चतुराबाईंनी ती आपल्या देवघरात नेली. “बसलेली पोथी उठवायची न्हाई,” म्हणाल्या. पुढे दर अधिक महिन्याला ती पाटावर निघे. हळद-कुंकवाने पानं चिकटली, तेव्हा बाया तोंडपाठ म्हणू लागल्या. त्या भागात एवढी पुजली गेलेली कादंबरी दुसरी नाही, आणि एवढी न वाचलेलीही. चतुराबाई गेल्या तेव्हा वही कडूबाईकडे आली.

व्यंकटरावांची पुढे पालमला बदली झाली. तिथे पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, या गावाचं तोंड कुठल्या बाजूला आहे? लोकांनी त्यांना तोंड धुवायला पाणी दिलं. पुढे त्यांनी काही लिहिलं नाही. पण ताठ चालायचे, आणि दारांना कपाळ आपटत राहिले. नर्मदाबाई प्रत्येक वेळी तेल चोळून देत. नोकरी संपल्यावर दोघं परत चिंचगव्हाणलाच येऊन राहिली, त्याच माळवदाखाली. ते शेवटपर्यंत गळलं नाही.

निजामाचं राज्य गेलं, नवं आलं. नव्या कारकुनांनी ठाण्यातली जुनी दप्तरं उपसली, आणि एका वर्षी चिंचगव्हाणच्या चावडीवर नोटीस आली : म्हातारबा, वय तीनशे वीस, यांनी हयातीचा दाखला नवा करण्यासाठी समक्ष हजर राहावे. चावडीवाल्याने ती नर्मदाबाईंकडे आणली, नर्मदाबाईंनी ती टाचेकडे नेली. कडूबाई आता म्हातारी झाली होती. तिने नोटीस ऐकली, चुलीतलं लाकूड पुढे सारलं, आणि उत्तर सांगितलं. नर्मदाबाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, कडूबाईचा अंगठा उठवला आणि कागद पाथरीला पाठवून दिला :

“त्येला येता येत न्हाई. तुमीच या. जेवून जा.”